मासे मोजायचे कोणी?



सध्या एक वाक्य वरचेवर कानावर पडतं. सामूहिक वनहक्काच्या बैठकीत, धरणाच्या चर्चेत, तालुक्याच्या कचेरीत. वाक्य असं : "नदीतले मासे तुम्हीच संपवले. वलगणीला गाभोळीचे मासे मारता, मग पुढे मासा राहील कसा? मासे किती आहेत, किती मारायचे, हे शास्त्राचं काम आहे. ते आमच्यावर सोडा." बोलणारे साहेब बदलतात, वाक्य बदलत नाही.

आपल्यातले काही जण हे ऐकून मान खाली घालतात. काही जण भडकतात आणि म्हणतात, मोजणी-बिजणी सगळं थोतांड आहे, आमच्या बापजाद्यांनी कधी मासे मोजले होते का? आम्हांला दोन्ही पटत नाही. मान खाली घालायचं काही कारण नाही. आणि मोजणी थोतांडही नाही. मोजतो कोण, कुठे उभा राहून मोजतो आणि मोजून झाल्यावर उपाशी कोणाला ठेवतो, हे विचारायला पाहिजे.

हेच भांडण एका ठिकाणी आदिवासींनी शंभर वर्षं भांडून जिंकलं. ते ठिकाण फार लांब आहे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, वॉशिंग्टन नावाच्या राज्यात (त्यांची राजधानी ती वेगळी, पार दुसऱ्या टोकाला). मासाही वेगळा आहे. पण गोष्ट ऐकली की तुम्हीच म्हणाल, हे तर आपलंच.

त्या माशाचं नाव सॅमन. आपल्याकडे पहिल्या पुराला मासे ओहोळातून वर चढतात, खाचरात शिरतात, अंडी घालतात. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो, वलगणीचे म्हणतो. सॅमन हा चढणीचाच मासा, पण त्याची चढण समुद्रापासून सुरू होते. डोंगरातल्या ओढ्यात, गोट्यांच्या खाली अंड्यातून पिल्लू निघतं. ते नदीने खाली समुद्रात जातं. तिथे काही वर्षं खाऊन मोठं होतं आणि मग वासावरून आपली नदी, आपला ओढा ओळखून परत चढतं. नदीत शिरल्यावर खाणं जवळपास बंद. मादी शेपटीने गोटे उडवून खळगा करते, त्यात अंडी घालते. त्यानंतर नर-मादी दोघंही मरतात. मेलेला मासा अस्वलं ओढून जंगलात नेतात, उरलेला कुजून झाडांच्या मुळांना मिळतो. तिथल्या आदिवासींचं जगणं या चढणीवर उभं होतं. वाळवून, धुरावर सुकवून वर्षभराची बेगमी व्हायची. दरसाल पहिला मासा आला की त्याचा सण, आणि तो होईपर्यंत जाळी थांबलेली. त्या थांबण्यात कितीतरी मासे वर निघून जायचे. ज्याला आज शास्त्रवाले 'बीज राखणं' म्हणतात ते हेच.

१८५३ साली गोऱ्यांचा गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स आला आणि त्याने करार करून जमिनी घेतल्या. २६ डिसेंबर १८५४ ला मेडिसिन क्रीक इथला करार झाला. बोलणी झाली ती बाजारात चालणाऱ्या मोडक्या-तोडक्या बोलीत, जिच्यात मोजकेच शब्द. आदिवासींनी कागदावर फुल्या मारल्या. आपल्या आज्या-पणज्यांचे अंगठे आठवा. पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. जमीन गेली तरी आमच्या नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क आमचाच राहील, इतर नागरिकांच्या सोबतीने, असं त्यांनी करारात लिहून घेतलं.

पुढे जे झालं ते तुम्हांला सांगायला नको. निस्क्वाली जमातीला नदीकाठी जी राखीव जमीन मिळाली होती, तिच्यातली दोन तृतीयांशाहून जास्त जमीन १९१७ च्या सुमारास लष्करी छावणीसाठी घेतली गेली. डबाबंद माशांचे कारखाने आले. नदीच्या तोंडाशी आणि समुद्रात बोटी आल्या. जंगल तुटलं, लाकडाचे ओंडके नदीतून वाहून नेले, ओढ्यांचे तळ खरवडले गेले. धरणं झाली. मासे कमी झाले. आणि मग राज्य सरकारला माशांची काळजी वाटू लागली.

ही काळजी कशी वाटली ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथे आहे.

सॅमन समुद्रातून येतो तेव्हा त्याला आधी गाठतात समुद्रातल्या बोटी. मग खाडीतल्या बोटी. सगळ्यात शेवटी, नदीत, उभा असतो आदिवासी. राज्याने बोटींना मारू दिलं. जे उरलं ते नदीत आलं, तेव्हा सरकारी माणूस काठावर उभा राहून म्हणाला, आता उरलेले बियाण्याचे, यांना हात लावाल तर गुन्हा. म्हणजे पंगतीत आधी बसलेले पोटभर जेवले आणि शेवटच्या पानावर बसलेल्याला सांगितलं, भात संपत आलाय, तू आज उपास कर. हिशेब खोटा नव्हता बरं का. मासे खरंच कमी होते. पण हिशेब पंगतीच्या शेवटी मांडला, म्हणून त्याचा भार फक्त शेवटच्याच माणसावर पडला.

दुसरी युक्ती याहून बारीक होती. स्टीलहेड म्हणून सॅमनच्याच जातकुळीचा मासा आहे. नियम केला की तो गळानेच धरायचा, जाळं लावायचं नाही. नियम सगळ्यांना सारखा! पण गळ घेऊन येणारा शहरातला हौशी माणूस, आणि जाळं लावणारा आदिवासी. कागदावर कोणाचं नाव नाही, जात नाही, तरी नियम एकाच्याच मानेवर बसतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली हा भेदभाव आहे असं म्हटलं. आपल्याकडे 'वनाचं संरक्षण' या नावाखाली निघालेले कागद एकदा या नजरेने वाचून पाहा.

निस्क्वाली जमातीतला बिली फ्रँक याला मासे धरले म्हणून पहिल्यांदा अटक झाली ती १९४५ साली. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. पुढे त्याला पन्नासहून जास्त वेळा अटक झाली. १९६० नंतरच्या वर्षांत आदिवासी ठरवून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जाळी लावू लागले. बाया, पोरं, म्हातारी सगळी काठावर. पोलीस यायचे, जाळी कापायचे, होड्या जप्त करायचे. सप्टेंबर १९७० मध्ये प्युअ‍ॅलप नदीच्या काठावरच्या तळावर अश्रुधूर सोडला, धरपकड झाली. त्यानंतर केंद्र सरकारच आदिवासींच्या वतीने राज्याविरुद्ध कोर्टात गेलं.

न्यायाधीश होते जॉर्ज बोल्ट. आदिवासींच्या बाजूचे म्हणून ते कोणाला माहीत नव्हते, उलट जुन्या वळणाचे म्हणून ओळखले जायचे. त्यांच्यापुढे म्हाताऱ्या माणसांनी येऊन सांगितलं की आमचे आजे कुठे जाळं लावायचे, कोणत्या वळणावर, कोणत्या मोसमात. ते पुरावा म्हणून घेतलं गेलं. लक्षात ठेवा, आपल्या वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्येही गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं कथन हा पुरावा आहे. कचेरीत कोणी 'कागद दाखव' म्हणालं तर हा नियम दाखवा.

१२ फेब्रुवारी १९७४ ला निकाल आला. 'सोबतीने' याचा अर्थ वाटणी. बीज राखून जेवढे मासे धरता येतील, त्यांतले अर्धे आदिवासींचे. त्याआधी त्यांच्या हाती शंभरातले पाचही लागत नव्हते. दुसरं, राज्याला नियम करायचा असेल तर तो मासा वाचवायला खरोखर गरजेचा आहे हे सिद्ध करावं लागेल आणि त्यात भेदभाव चालणार नाही. गोरे कोळी खवळले, न्यायाधीशाचे पुतळे जाळले, निकाल मोडून मासे मारले. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला.

'अर्धे मासे' ही गोष्ट सगळे सांगतात. आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट निकालात दुसरीच होती. जी जमात स्वतःचा कारभार नीट चालवील, जिच्याकडे स्वतःचे राखणदार असतील, माशांचं शास्त्र जाणणारी माणसं असतील आणि सभासदांची यादी असेल, ती आपल्या लोकांची मासेमारी स्वतः चालवील, राज्य त्यात हात घालणार नाही. क्विनॉल्ट आणि याकामा या दोन जमाती तेव्हाच यात बसत होत्या. बाकीच्यांनी काय केलं? हक्क मिळाला म्हणून घरी बसले नाहीत. त्यांनी सगळ्यांचं मिळून एक मंडळ काढलं, त्याचा अध्यक्ष पुढे तीसेक वर्षं बिली फ्रँक होता. आणि त्यांनी आपली पोरं मासे मोजायला लावली.

कसे मोजतात? ऐका, कारण यात जादू काही नाही.

हंगामात दर आठवड्याला ठरलेला ओढा पायी तुडवायचा. मादीने उडवलेल्या गोट्यांमुळे खळगा फिकट दिसतो, तो मोजायचा, खूण करायची म्हणजे पुढच्या खेपेला दुबार मोजला जात नाही. मेलेला मासा उचलून त्याचं खवलं काढायचं. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात, त्यावरून वय कळतं. पिल्लं समुद्राकडे निघाली की नदीत तरंगता सापळा लावतात, मोठ्या नरसाळ्यासारखा, प्रवाहाच्या जोरानेच फिरणारा. सापळ्यात सगळी पिल्लं येत नाहीत हे उघड आहे. मग एकूण किती गेली हे कसं कळणार? समजा शंभर पिल्लांना बारीक खूण केली आणि वर नेऊन पुन्हा सोडली. त्यांतली दहा पुन्हा सापळ्यात आली. म्हणजे सापळा दहातलं एक धरतो. मग सापळ्यात हजार आली असतील तर नदीतून साधारण दहा हजार गेली. आपल्या पाड्यातल्या दहावीतल्या पोरीला हे गणित येतं. साहेबांना वाटतं की येत नाही.

आता वाटणी. समजा यंदा दहा हजार मासे चढतील असा अंदाज आहे आणि पुढच्या पिढीसाठी चार हजार वर पोचलेच पाहिजेत. उरले सहा हजार. तीन यांचे, तीन त्यांचे. पण हे चार हजार आधी बाजूला काढायचे, समुद्रातली पहिली बोट निघण्याच्या आधी. पंगतीच्या शेवटी नाही, सुरुवातीला. म्हणून दर वर्षी हंगामाच्या आधी राज्याची माणसं आणि जमातींची माणसं आपापले आकडे घेऊन एका टेबलावर बसतात, भांडतात, ठरवतात. आदिवासीच्या हातात स्वतःचा आकडा नसता तर त्याला त्या टेबलावर फक्त चहा मिळाला असता.

हे सगळं सोन्यासारखं झालं असं आम्ही म्हणत नाही. निकालाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, १९९९ साली, तिथला चिनूक जातीचा सॅमन धोक्यात आल्याचं जाहीर करावं लागलं. हंडी रिकामी होत चालली तर अर्धी वाटणी घेऊन काय करायचं? ओढेच उरले नाहीत. त्यात आणखी एक लबाडी व्हायची. रानातला मासा संपला की सरकारी तळ्यांत पिल्लं वाढवून नदीत सोडायची आणि मोजताना सगळे एकत्र मोजून म्हणायचं, बघा, मासे आहेत की! म्हणून आता बऱ्याच ठिकाणी सोडलेल्या पिल्लाचा पाठीवरचा बारका पर कापतात, म्हणजे रानचा कोण आणि सरकारी कोण ते ओळखू येतं. आपल्याकडेही बंधाऱ्यात रोहू-कटल्याचं बीज सोडून 'मत्स्योत्पादन वाढलं' म्हणतात. आपल्या ओहोळातला मासा त्या आकड्यात कुठे आहे?

मग जमातींनी पुढचं भांडण काढलं, आणि ते आपल्या फार कामाचं आहे. रस्त्याखालच्या मोऱ्यांचं. हो, साध्या मोऱ्या. रस्ता बांधताना ओढ्यावर पाइप टाकतात. पाइपाचं तोंड खालच्या पाण्यापासून हात-दोन हात वर राहतं, किंवा आत पाणी इतकं जोरात धावतं की मासा चढू शकत नाही. एक मोरी, आणि वरचा सगळा ओढा माशाला बंद. जमाती २००१ साली कोर्टात गेल्या : मासे धरायचा हक्क दिला आणि माशाची वाटच बुजवली, तर तो हक्क कसला? राज्य म्हणालं, करारात ओढे राखायचं वचन कुठे आहे? २००७ साली निकाल जमातींच्या बाजूने लागला, २०१३ साली शेकडो मोऱ्या बदलायचा हुकूम निघाला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मतं पडून तो हुकूम टिकला. कोट्यवधी डॉलरचं काम राज्याच्या अंगावर आलं. माशाचा हक्क म्हणजे माशाच्या वाटेचाही हक्क, हे कायद्याने मान्य झालं ते असं.

एल्व्हा नदीवर तर धरणंच पाडली. १९१३ आणि १९२७ सालची दोन धरणं, माशांना चढायला काहीही सोय नसलेली. २०११ ते २०१४ मध्ये दोन्ही काढली. तिथल्या लोअर एल्व्हा क्लालम जमातीने काय केलं पाहा. धरण पडलं म्हणून जाळी घेऊन धावले नाहीत. नदीत मासेमारी बंद ठेवली ती बारा वर्षं. मोजत राहिले. २०२३ साली कोहो जातीचा मासा पुरेसा झाला असं दिसल्यावर आपल्या लोकांपुरती, मोजून-मापून थोडी मासेमारी सुरू केली. आदिवासीला मासा राखता येत नाही म्हणणाऱ्यांना हे सांगा.

आता आपल्या नदीवर येऊ.

वैतरणा, तानसा, पिंजाळ, गारगाई. तानसा धरण १८९२ चं, मोडकसागर १९५७ चं, मध्य वैतरणा २०१४ चं. पाणी मुंबईला. आम्ही या भिंतींच्या आजूबाजूला आयुष्य काढलं, माशाला वर चढायला पायरी ठेवलेली आम्ही कुठे पाहिली नाही. आता गारगाईवर धरणाचं घाटतंय. पंगतीत आधी कोण जेवलं ते यावरून समजा. आणि शेवटच्या पानावर बसलेल्या कातकरी बाईला, जी मुठीएवढे मासे आणि चार खेकडे घेऊन घरी जाते, तिला विचारतात, मासे कोणी संपवले?

पण एक गोष्ट आपसात स्पष्ट बोलू. वलगणीच्या पहिल्या दोन रात्री आपण ओहोळ आडवा बांधून सगळेच्या सगळे गाभोळीचे मासे काढतो, हे काही गावांत होतं. ब्लीचिंग पावडर टाकून डोह मारणारेही आहेत, आणि ते बहुतेक वेळा बाहेरून येतात पण प्रत्येक वेळी नाही. हे लपवून आपलं भांडण मजबूत होणार नाही. आपल्याकडे राखायची रीत नव्हती असंही नाही. वाड्याजवळ तिळसेश्वराच्या डोहातला मासा कोणी धरत नाही, नदीत तो एक डोह माशाचा. अशी देवाची जागा आणखी कुठे कुठे होती ते तुमच्या म्हाताऱ्यांना विचारा. रीत देवाच्या नावाने होती, काम बियाणं राखायचं होतं.

कायदा आपल्या बाजूने आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ३ : मासे आणि पाण्यातल्या इतर वस्तूंवरचा सामूहिक हक्क त्यात नावानिशी लिहिला आहे. आपल्या बऱ्याच गावांनी दाव्यात मोह, तेंदू, बांबू, चराई लिहिली आणि मासे लिहायचे राहिले. कलम ५ : रान, रानातले जीव, पाण्याचे उगम आणि पाणलोट राखायचा अधिकार ग्रामसभेचा. नियमांप्रमाणे त्यासाठीची समिती ग्रामसभा नेमते आणि आराखडा ती समिती करते. साहेबांनी छापून आणलेला आराखडा सही करायला पुढे केला तर सही करू नका. तसंच, शिबिर घेऊन, म्हाताऱ्यांना दिवसभर बसवून माहिती लिहून नेणारे आणि परत तोंड न दाखवणारे हितचिंतकही आपण पाहिलेत. माहितीची पहिली प्रत गावात राहील, मगच दुसरी बाहेर जाईल.

काही साथी म्हणतात, मोजून लिहून ठेवलं तर उद्या सरकार तेच कागद घेऊन बंदी घालील. भीती खोटी नाही. पण न मोजता बंदी येत नाही का? अभयारण्यं कोणाला विचारून आली? बंदी त्यांच्या आकड्यावर येते, म्हणून आपला आकडा आपल्या हातात पाहिजे.

तेव्हा मृगाच्या आधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. एक वही करा, तिच्यावर ग्रामसभेचा शिक्का मारा. आपल्या शिवारातले सगळे डोह, कोंडी, ओहोळ नावाने लिहा. प्रत्येकात पूर्वी कोणते मासे मिळायचे, आता कोणते मिळतात, कोणता मासा किती वर्षांत दिसला नाही, हे म्हाताऱ्या माणसांकडून आणि मुख्य म्हणजे बायांकडून लिहून घ्या, कारण ओहोळातलं बारकं पाणी त्यांना जास्त ठाऊक. सांगणाऱ्याचं नाव, वय आणि अंगठा घ्या. ज्या मोरीच्या आणि ज्या बंधाऱ्याच्या खाली मासे अडून गोळा होतात ती जागा लिहा, मोरीचं तोंड पाण्यापासून किती वीत वर आहे ते मोजा. पहिली वलगण कोणत्या तारखेला आली ते लिहा. आणि यंदा कोणता ओहोळ किती रात्री मोकळा सोडायचा, कोणत्या डोहात पाग टाकायचा नाही, हे सगळ्या पाड्यांनी मिळून ठरवा. दंड किती, तेही तिथेच ठरवा. ब्लीचिंग पावडरवाल्याला धरलं तर आधी पंचनामा, मग पोलीस, मारहाण नको.

ज्यांच्या सामूहिक दाव्यात मासे लिहायचे राहिलेत त्यांनी ठरावाची प्रत घेऊन या, पुरवणी अर्ज आपण एकत्र लिहू. आणि ज्या पाड्यात लिहिणारं कोणी नाही त्यांनी बाजारच्या दिवशी संघटनेच्या ऑफिसात यावं. वही आणि पेन इथे ठेवले आहेत, लिहायला पोरंही बसलेली असतील.